पाहुण्यांचं जेवण

नाताळच्या सकाळी सहलीची शिडाची बोट अंदमानात सलोमीच्याच बेटासमोर नांगरली. चर्चमागे तिच्या आईचं घर दिसत होतं. सलोमी बोटीवरची स्वयंपाकीण. तिने कप्तानाकडे घरी जायला दोनच तास मागितले.

“पाहुण्यांचं रात्रीचं जेवण कोण करणार?” तो म्हणाला.

संध्याकाळी पाहुणे बेटावर फिरून परतले. पुण्याच्या बाई खुशीत होत्या.

“चर्चमागच्या म्हातारीने आम्हाला हात धरून जेवायला बसवलं. तिची पोरगी म्हणे अशाच बोटीवर रांधते, तीन वर्षांत घरी फिरकली नाही. काय काळीज असतं एकेकीचं.”

सलोमीने तळलेले मासे पुढे ठेवले. कुणीच हात लावला नाही. पोटं भरली होती.

“तिची तब्येत कशी आहे?” सलोमीने विचारलं.

“कुणाची?” बाई म्हणाल्या.