एकशे बारा वळणं

वाट खडबडीत राहिली, तर पंक्चरवाल्याचा फायदा आठवड्याला चौदा चाकं. त्याच्या दुकानापासून तळ्यापर्यंतची ती सहा किलोमीटरची कच्ची वाट त्याला बारमाही पीक द्यायची. काटे, टोकदार खडी, फुटक्या बाटल्या. आता तिथे गुळगुळीत सायकलमार्ग करायचा घाट घातला होता, आणि पाहणीला आलेली इंजिनीअर नेमकी त्याच्याच दुकानात आपल्या सायकलच्या चाकात हवा भरत होती.

"मार्ग हवाय कशाला, मॅडम?" तो म्हणाला. "वाट लोण्यासारखी आहे. डोळे मिटून जावं."

"अहो, जरा बेतानं," ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधणारी बायको आतून म्हणाली.

"मग काका, तुम्ही पुढे व्हा," इंजिनीअर म्हणाली. "मी तुमच्या चाकामागे चाक ठेवते. पंक्चर न होता पोचलो, तर गरज नाही असं लिहिते."

आंधळा मागतो एक डोळा. पंक्चरवाल्याने भाड्याच्या सहा सायकलींतली सगळ्यात चांगली काढली. सायकलवर तो अकरा वर्षांनी बसत होता. पण अडलेल्या गिऱ्हाइकांकडे पिशवी घेऊन चालत जाऊन जाऊन कोणता दगड कितीदा पावलाय, हे त्याला पाठ होतं. उजवीकडे काच, तो डावीकडे. डावीकडे काटे, तो उजवीकडे. इंजिनीअर शेपटासारखी मागे.

मग शेवटचा उतार आला. तिथे ना काटा, ना खडा. चाकं आपसूक भरधाव सुटली. टोपी उडाली, पोटात गुदगुल्या झाल्या आणि चोपन्न वर्षांचा तो गृहस्थ पार तळ्यापर्यंत "आई गं" ओरडत गेला.

"चारही चाकं टणक," तो धापा टाकत म्हणाला. "लिहा आता."

तिने हँडलला लावलेला मोबाइल पुढे केला. पडद्यावर त्यांच्या वाटेची रेघ उमटली होती. आजारी सापासारखी.

"वाट लोण्यासारखी असती, तर माणूस सरळ गेला असता, काका. तुम्ही एकशे बारा वेळा वळलात. म्हणजे दुरुस्तीच्या एकशे बारा जागा. माझं आठ दिवसांचं काम तुम्ही तासाभरात उरकलंत."

"पण गरज नाही असं लिहिणार होतात ना?"

"लिहिते की. या उतारापुरतं. इथे तुम्ही नाकासमोर आलात. ओरडत."

त्याला राग यायला हवा होता. तो शोधू लागला, तर हसूच हाती लागलं. चांगलं पोट धरून हसल्यावर त्याने विचारलं, "मॅडम, वर चढून आणखी एकदा येऊ या का?"

मार्ग झाला. चौदा चाकांचं पीक बुडालं. बायकोने सहा सायकलींच्या वीस केल्या, आणि सुट्टीच्या दिवशी त्याही पुरेनात. इंजिनीअरला शाबासकी मिळाली, गावाला तळं मिळालं. सगळेच फायद्यात.

रोज सकाळी, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत, पंक्चरवाला सायकलला हात घालतो. बायको मान वर न करता तळहात पुढे करते.

"घरच्या माणसाकडून भाडं?"

"माणूस घरचा आहे. सायकल धंद्याची आहे."

तो खिसा चाचपतो आणि दोन फेऱ्यांचे मोजून देतो.