पंपाचा आवाज

“आधी तो पंप बंद करा,” वेंकट उभा राहत म्हणाला. “या घरघरीत मी बोलणार नाही.”

तमिळ मुलखातल्या पेरुंगुडीच्या एका गल्लीतल्या दुकानदारांची बैठक विद्युलताच्या पिठाच्या गिरणीत भरली होती. कार्तिकातला पाऊस सकाळपासून धरून होता. एकोणीस दुकानदार पायरीवर चपला काढून आत जाजमावर मांड्या घालून बसले होते. दाराशेजारी, पत्र्याखाली, गल्लीचा पंप पाणी उपसत होता.

विषय एकच होता. पाच वर्षांपूर्वी गल्लीत गुडघाभर पाणी शिरलं, तेव्हा सगळ्यांनी ठरवलं होतं की प्रत्येक दुकानाने विक्रीवर शंभराला एक रुपया काढायचा, त्यातून गटार बांधायचं, पंप बसवायचा आणि चालवायचा. मुदत पाच वर्षांची. ती आज संपत होती. पुढची पाच वर्षं हवी तर तेरा हात वर व्हायला हवे होते. सेक्रेटरी शरदचंद्रांनी सकाळीच छत्री घेऊन दुकानोदुकानी चाचपणी केली होती. ओढूनताणून नऊ भरत होते.

शरदचंद्रांचं घराणं तंजावरचं, पण त्यांचा जीव अडकला होता तो सांगलीकडच्या या विद्युलतात. गिरणीसाठी ही जागा त्यांनीच तिला मिळवून दिली होती, आणि नेमकी तीच गल्लीतली सगळ्यात सखल निघाली. मागच्या पुरात मोटर जळली, तीन महिने गिरणी बंद राहिली. तिचा नवरा मकरंद मोटारीच्या कारखान्यात फिटर होता, म्हणून कसंबसं निभावलं. “काका, पुन्हा पाणी शिरलं तर आम्ही सांगलीचं तिकीट काढणार,” असं तिने त्यांना स्वच्छ सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून त्यांना पावसाची धास्तीच बसली होती.

वेंकटचं किराण्याचं दुकान सगळ्यात मोठं, म्हणून त्याचा रुपयाही सगळ्यात मोठा. बोलण्याआधी त्याला चिडीचूप शांतता लागायची. हे आजचं नव्हतं. मागच्या बैठकीत त्याने पंखा बंद करायला लावला होता, त्याआधीच्या बैठकीत शेजारच्या घरातला कुकर उतरवायला माणूस पाठवला होता.

विद्युलता मुकाट्याने उठली. शरदचंद्रांनी तिचा पदर ओढला आणि दबक्या आवाजात म्हणाले, “अगो, वेडी की काय तू? पंप थांबवू नको.”

“सार बोलणार आहेत, काका. ऐकायला नको?”

तिने बटण दाबलं. घरघर थांबली. आता फक्त पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता, आणि वेंकट.

तो छान बोलायचा, हे त्याच्या शत्रूंनीही मान्य केलं असतं. पाच मुद्दे कागदावर लिहून आणले होते. “पाच वर्षं झाली,” तो म्हणाला, “गल्लीत थेंब आलेला नाही. मग आपण पैसे भरतो कशाचे? न आलेल्या पाण्याचे?” लोक हसले. माना डोलल्या. शरदचंद्रांनी मनातल्या मनात पुन्हा मोजलं. नवाचे सात झाले होते.

त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे जमिनीलगत, जुन्या साडीखाली झाकलेली गिरणीची मोटर होती. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. खालची पायरी दिसेना.

वेंकट दुसऱ्या मुद्द्यावर आला. वरची पायरीही गेली. शरदचंद्र अर्धवट उठले. “वेंकट, जरा...”

“सार, बोलणाऱ्याला मध्ये अडवायचं नाही, हा नियम तुमचाच आहे.”

होता खरा. त्यांच्याच हस्ताक्षरात वहीत होता. ते खाली बसले. विद्युलताचा त्यांना संताप आला. इतकं कसलं मेलं भिडस्त व्हायचं! घर बुडतंय आणि ही बाई पाहुण्यांसमोर बसावं तशी हात जोडून बसली आहे.

तिसऱ्या मुद्द्याच्या मध्यावर झेरॉक्सवाली कीर्तना ताडकन उठली. “ऐयो, तण्णी!”

पाणी उंबऱ्यावरून आत आलं होतं. जाजम भिजलं, त्यावरचे भिजले. एकच कल्लोळ उडाला. मागोमाग चपला तरंगत आत आल्या आणि सर्वांत पुढे वेंकटची, परवाच घेतलेली, कोऱ्या चामड्याची. त्याने झडप घालून एक पकडली. दुसरी दळणाच्या डब्यांकडे गेली.

विद्युलता पंपाच्या बटणाशी उभी होती. बटणावर बोट, पण दाबलेलं नाही.

“सार, तुमचं बोलून झालं का?” तिने अगदी अदबीने विचारलं. “मतं झाल्यावरच लावते. नाहीतर पुन्हा आवाज होईल.”

कोणी हसलं नाही. शेजारचं दुकान वेंकटचं होतं, आणि त्याची साखरेची पोती जमिनीवर होती. त्याने एकदा भिंतीकडे पाहिलं. मग त्याचा हात वर गेला. दुसऱ्या हातात चप्पल होती.

शरदचंद्रांनी भराभर मोजलं. एकोणीस. स्वतःचा धरून.

पंप पुन्हा घरघरू लागला. लोक आपापल्या दुकानांकडे धावले. शरदचंद्रांना मात्र जिंकल्यासारखं काहीच वाटेना. कोपऱ्यातल्या साडीचा काठ पाण्यात बुडून काळा पडला होता. पाच वर्षांची सोय झाली आणि जिच्यासाठी हे सगळं केलं तिचीच मोटर गेली. त्यांचे डोळे भरून आले. पाणी तुडवत ते कोपऱ्यात गेले, निदान पुसून तरी घ्यावी म्हणून वाकले आणि साडी ओढली.

खाली मोटर नव्हतीच. जमिनीतल्या तिच्या चार बोल्टांवर नट नुकतेच सोडवून पुन्हा नीट बसवलेले होते, आणि त्यांच्या मधोमध तेलाचा रिकामा डबा उपडा घातलेला होता.