आडवाटेचे पॉइंट

सकाळी गाईडची विसराळू आई पुन्हा कुणाला न सांगता घराबाहेर पडली होती आणि त्याच्या जीपमध्ये तर पाहुणे बसलेले. मग त्याने नेहमीचे पॉइंट सोडले आणि तिच्या आवडीच्या एकेका जागी गाडी नेली. धबधब्यावर ती नव्हती, तळ्याकाठीही नाही. त्याचा पाय कुठे ठरेना.

"अहो, फोटो तरी काढू द्या," मागच्या काकू करवादल्या. "वाघ लागलाय का मागे?"

कड्यावरच्या बाकावर आई निवांत बसलेली दिसली, अनवाणी. त्याच्या जिवात जीव आला. तिने जीपकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"दादा, जागा आहे का हो गाडीत? मलाही सगळं बघून ठेवायचंय. मुलगा लहान आहे माझा. चालायला लागला की त्याला फिरवीन म्हणते."