बाविसावी काठी

भाच्यानं न विचारता कुरणात ठोकलेल्या मोजणीच्या बावीस काठ्या लुएलानं उपटल्या आणि एकवीस काठ्यांना परसातले टोमॅटो बांधले. गवतात घरटी करणाऱ्या बोबोलिंक पाखरांची पिल्लं उडेपर्यंत तिथं विळासुद्धा लावायचा नाही, ही तिच्या वडिलांची शिस्त. हा तर बंगले बांधायला निघालेला. "मावशी, काठ्या कुठायत?" गाडीतून उतरताच ड्वाइट कडाडला. "टोमॅटोंना विचार." "पाखरं काय भाडं देतात?" "दर मे महिन्यात न चुकता येतात. तू कधी आलास?" "ऐंशी उलटली तुझी. किती दिवस अडवशील? तुझ्यामागं पुन्हा ठोकीन." "माझ्यामागचंच सकाळी वकिलाकडं लिहून आले. कुरण गावच्या भूरक्षण संस्थेला. तिथं कुणीच, कधीच घर बांधायचं नाही." ड्वाइटचा चेहरा पडला. लुएलानं संस्थेची पाटी ठोकलेली बाविसावी काठी त्याच्या हातात दिली आणि हातोडा उचलला. "सरळ धर. ठोकायची हौस तुलाच ना?"