मुखपृष्ठावरच्या पाच जणी

"पाच ठेवू का चार?" दिव्यानीनं विचारलं आणि विचारताक्षणीच तिला स्वतःच्या जिभेचा राग आला.

सोनीबाईच्या ओसरीवर दिव्यानीनं काढलेल्या कॉमिक्सचं मुखपृष्ठ पसरलं होतं. गावातल्या ज्या पाच जणी रोज मिळून जंगलात मोहफुलं वेचायला जायच्या, त्यांनाच तिनं सुपरहिरो केलं होतं. लुगड्यावरून पुरुषी शर्ट, कमरेला टोपली, छाती पुढे. शाळेतल्या पोरांसाठी पुस्तक निघणार होतं आणि चित्र आज संध्याकाळी छापखान्यात जायचं होतं. पण बारा दिवसांपूर्वी पाचांतल्या सुगंधाबाईला वाघानं नेलं. फुलं वेचायला वाकली, तेवढंच निमित्त. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

दिव्यानीचा जीव थाऱ्यावर नव्हता. ब्रह्मपुरीच्या बाबूभाईच्या रद्दीच्या दुकानातली कॉमिक्स वाचत ती वाढली. एकट्यादुकट्या हिरोचं तिला कधी कौतुक वाटलं नाही. तिला टीम लागायची. एकाला उडता यायचं, दुसऱ्याला दूरचं ऐकू यायचं, आणि एकट्यानं कोणाचंच भागायचं नाही. त्या टीमांचा एक जुना रिवाज होता. कोणी मेलं की दोन-चार अंकांत ते परत यायचं, नाहीतर त्याचा पोशाख दुसरं कोणीतरी चढवायचं. जागा म्हणून रिकामी राहायची नाही. लहानपणी हे वाचून तिला केवढा धीर यायचा! आता त्याच रिवाजाची तिला चीड आली होती.

"चारच ठेवा," त्या पाचांतलीच एक असलेली सोनीबाई म्हणाली. "जे हाय ते हाय."

बाकीच्या तिघी चित्रातल्या सुगंधाबाईकडे पाहत होत्या. दिव्यानीनं खोडरबर उचललं, ठेवलं, परत उचललं.

"पाचवी मी," दारातून आवाज आला. सुगंधाबाईची सून, पुनम. "उद्यापासून मी येतो."

"तू काऊन येतं वो? आंगावरचं लेकरू हाय तुवं!" सोनीबाई कडाडली.

"मोह काय माह्या लेकरासाठी थांबून राह्यला, काकू? आठ दिवसांत झाडं रिकामी होतीन."

हिला चित्रात घेतलं तर आपणच हिला जंगलात धाडलं असं होईल, दिव्यानीला वाटलं. पण नाही घेतलं तरी ती जाणारच होती. दिव्यानीनं सुगंधाबाईला खोडलं आणि तिच्या जागी पुनम रेखाटली. इतरांसारखीच ताठ, छाती पुढे.

पुनमनं जवळ येऊन चित्र पाहिलं.

"मॅडम, उभ्यानं मोह येचता येते काय?" ती म्हणाली. "मले वाकलेली काढा. अन् या चौघी उभ्या, चार बाजूले तोंड करून."