नुकसान निरंक

चक्रीवादळानंतर तिसऱ्या दिवशी हसुराम चोगले पडलेली झाडं ओलांडत, पाच तास चालून तहसील कचेरीत पोचला. नियंत्रण कक्षातल्या मॅडमनी यादीत त्याची वाडी शोधली. पुढे लिहिलं होतं, ‘नुकसान निरंक’.

“तुमच्याकडचे फोन बंद होते. काहीच कळलं नाही, म्हणून...” त्या अडखळल्या.

“शाळेवर वड कोसळलाय, मॅडम. आसऱ्याला गेलेली सात माणसं खाली अडकलीत, माझी सूनही. कोयत्याने खोड तुटत नाही. निघालो तेव्हा चौघं ओ देत होती.”

मॅडमनी वायरलेस लावला. बचाव पथकाच्या तिन्ही तुकड्या खाडीपलीकडे होत्या. उद्यापर्यंत कोणी येणार नव्हतं.

“मग करवत तरी द्या,” तो म्हणाला.

गोदामातली शेवटची यांत्रिक करवत त्याने खांद्यावर घेतली. मॅडमनी वायरलेस कारकुनाकडे सोपवला, पेट्रोलचा कॅन उचलला आणि त्या त्याच्यामागून निघाल्या.

वाडीत पोचताच हसुरामने वडाखाली वाकून सुनेला हाक मारली. पुन्हा मारली. आतून एकच ओ आली, शेजारच्या म्हाताऱ्याची.

हसुरामने डोळे पुसले आणि करवत सुरू केली.