कव्हरवरचे चौघे

"कल्याण गेला, तिथंच बॅन्ड संपला," गोरक्ष म्हणाला. "ताई, तुमाला न्हाई म्हणत. तुमी बरं वाजवता."

आरतीनं चहाचा कप तोंडाला लावला. उत्तर द्यायचं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. 'दगडफूल' हा नगर जिल्ह्यातला जुना मराठी रॉक बॅन्ड. त्यात कल्याणनं बेस गिटार वाजवली नऊ वर्षं आणि त्याच्यानंतर आरती वाजवत होती चौदा वर्षं. पण पहिल्या कॅसेटच्या कव्हरवर कल्याणसकट जे चौघे उभे होते, तेवढेच लोकांच्या लेखी खरे. श्रीरामपूरच्या चर्चमध्ये वाजवत मोठी झालेली आरती त्या कव्हरवर नव्हती, आणि आता कधी येणारही नव्हती.

भिंगारच्या मैदानाबाहेर, चहाच्या टपरीवर जुन्या चाहत्यांचा कार्यक्रमाआधीचा नेहमीचा वाद पेटला होता. करणचं म्हणणं, गायक राधाकृष्णनंच कल्याणला काढलं. गाणाऱ्याला दुसऱ्यासाठी पडलेल्या टाळ्या सोसत नाहीत. आणखी कुणी म्हणालं, कल्याणच्या सासऱ्यानं लग्नात बॅन्ड सोडायची अट घातली होती. गोरक्षला यातलं काहीच पटत नव्हतं. कल्याण रुसून गेला आणि कुणी मनवायला गेलं नाही, असं त्याचं ठाम मत. 'टोलनाका' गाण्याचा बेस बसवणारा माणूस नेवाशात मिरचीची रोपं विकतो, हे तो खरोखर कळवळून सांगत होता.

"आज येतोय म्हणं तो," करण म्हणाला.

"येतोय," आरती म्हणाली आणि कप ठेवून निघाली. राधाकृष्णनं तिला सकाळी फोन केला होता. 'टोलनाका' आज कल्याण वाजवेल, एवढं एक गाणं तू न वाजवता बस. चौदा वर्षांत त्यानं तिला बस म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि ते सांगताना तो किती आनंदात होता.

स्टेजमागच्या तंबूत कल्याण एकटाच बसला होता. पांढरा शर्ट, केस विरळ झालेले. आरतीनं त्याला आजवर फक्त फोटोत पाहिलं होतं. दोन शब्द कोरडे बोलायचे आणि बाहेर पडायचं, असं तिनं ठरवलं होतं. तिनं आपली गिटार त्याच्यापुढं धरली. त्यानं ती गळ्यात अडकवली, डावा हात तारांवर ठेवला आणि तसाच ठेवून राहिला. दोन बोटं मिटतच नव्हती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"सोडलं तवापासून. नस गेली. राधाकृष्णला पन सांगितलं न्हाई. त्याला वाटतं मी रुसलो."

"मग आलात कशाला?"

"दारात येऊन बसला तो. न्हाई म्हणवलं न्हाई. वाटलं, एका गाण्यापुरतं जमंल." त्यानं गिटार गळ्यातून काढली. "न्हाई जमत."

बाहेर लोक त्याच्या नावानं ओरडायला लागले होते. आरतीला आतून संताप आला. या हाताशी एवढी वर्षं तिची तुलना होत होती, आणि तो असा.

"बाहेर जाऊन सांगून टाका," ती म्हणाली. "सगळ्यांचीच सुटका होईल."

"सांगितलं तर हळहळतील. भेटंल तो हाताकडं बघंल." कल्याणनं हात खिशात घातला. "आत्ता माझ्यावरनं भांडत्यात, ते बरं हाय."

मग तिनं कोपऱ्यातली जुनी, जादाची गिटार उचलून त्याच्या गळ्यात घातली आणि तिची वायर कशालाच न जोडता स्टेजच्या फळीखाली नुसतीच सोडून दिली. "अंधाराकडं तोंड करून उभे राहा," ती म्हणाली. "बोटं हलवत राहा. बाकी मी बघते."

कल्याण स्टेजवर गेला तेव्हा मैदान उभं राहिलं. मागच्या काळ्या पडद्याआड, स्पीकरच्या रिकाम्या खोक्यावर बसून आरतीनं 'टोलनाका' सुरू केलं. ड्रमवाल्यानं एकदा मागं वळून पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि पुन्हा ठेका धरला. पहिले दोन अंतरे तिनं नेहमीसारखे, कॅसेटबरहुकूम वाजवले. तिसऱ्याला तिच्या लक्षात आलं, की आज तिला कुणी बघत नाही. जिथं सुरात खाली उतरायचं, तिथं ती वर चढली. ही जागा तिच्या मनात कितीतरी वर्षं होती. लोकांसमोर घेतली असती तर टपरीवर महिनाभर वादाला पुरली असती. पडद्यापलीकडं असा कल्लोळ उठला, की राधाकृष्णला पुढची ओळ दोनदा सुरू करावी लागली.

कार्यक्रम संपल्यावर गोरक्ष तंबूत शिरला. त्याचे डोळे ओले होते. तो कल्याणच्या पाया पडला. मग बाजूला वायरी गुंडाळत असलेल्या आरतीजवळ आला आणि अगदी मायेनं म्हणाला, "ताई, राग मानू नका. तिसऱ्या अंतऱ्यात ती वर चढलेली जागा ऐकली का तुमी? कॅसेटमधी पन न्हाई ती. असं आतून यावं लागतं. त्यांच्याकडनं शिकून घ्या तेवढं."

कल्याणनं तोंड उघडलं. आरतीनं मान हलवून त्याला थांबवलं.

"शिकते," ती म्हणाली.